लहान मुलाचा वाढदिवस कसा आखावा: पहिल्यांदाच करणाऱ्या आईबाबांसाठी

वाढदिवस करायचा ठरला की घरात पहिली चर्चा होते ती केक कुठला, थीम कुठली आणि कुणाकुणाला बोलवायचं याची. हे सगळं ठरवायचंच आहे. पण त्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: आपलं मूल दुपारी किती वाजता झोपतं, किती वाजता उठतं आणि उठल्यावर किती वेळ ताजंतवानं असतं. एक ते सहा वर्षांच्या मुलाची पार्टी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे झोप, भूक किंवा गर्दी असते. सजावट कमी पडली म्हणून रडणारं मूल मी पाहिलेलं नाही. झोपमोड झाली म्हणून स्वतःच्याच वाढदिवसाला रडून रडून गळून गेलेली मुलं मात्र बरीच पाहिली आहेत.

म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. आधी वेळ, मग माणसं, मग जागा, आणि केक-फुगे त्यानंतर.

पहिली पायरी: वेळ

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशींनुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास. दुपारची झोप यातच धरलेली आहे. याचा पार्टीच्या दृष्टीने अर्थ असा, की पाचेक वर्षांपर्यंतची बरीच मुलं दुपारी झोपतात किंवा निदान त्या वेळेला पेंगुळतात. तेव्हा पार्टी या झोपेच्या आधी तरी हवी, नाहीतर नंतर तरी.

माझं मत विचाराल तर सव्वा-दीड वर्षाच्या मुलासाठी सकाळची दहाची वेळ उत्तम. मूल ताजं असतं, पोट भरलेलं असतं आणि पार्टी संपली की जेवून झोपून जातं. तीन वर्षांच्या पुढे संध्याकाळी चार-साडेचार चालते, पण मूल झोपून उठल्यावर किमान अर्धा तास मध्ये राहील असं बघा. डोळे चोळत उठलेल्या मुलाला थेट वीस माणसांसमोर नेऊन उभं केलं तर ते आईच्या खांद्यात तोंड खुपसणारच. रात्री आठला केक कापायचा बेत मोठ्यांच्या सोयीचा असतो. मुलांची त्या वेळेला झोपायची तयारी सुरू झालेली असते.

पार्टी किती वेळ चालावी? तीन वर्षांपर्यंत दीड तास, चार ते सहा वर्षांसाठी दोन तास. हा आकडा ऐकून बरेच आईबाबा म्हणतात, एवढ्यासाठी लोकांना कशाला बोलवायचं. पण दीड तासात लहान मुलाचं खेळून, खाऊन, केक कापून सगळं होतं. त्यानंतरचा वेळ मोठ्यांच्या गप्पांचा. त्याही हव्यातच, फक्त तेव्हा मुलांकडे कोण बघणार ते ठरलेलं असू द्या.

वाढदिवस कामाच्या दिवशी येत असेल तर खुशाल जवळच्या सुट्टीला करा. तीन वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही. आज आपला वाढदिवस आहे असं आपण म्हटलं की त्याच्यासाठी तो असतो.

वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या खेळण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलं आधी एकेकटी खेळतात, मग एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात, आणि मिळून, नियम ठरवून खेळायला त्याच्या बरंच नंतर शिकतात, हे तिने नोंदवलं. पार्टी आखताना हे लक्षात ठेवलं तर निम्मी निराशा टळते. दोन वर्षांची चार मुलं चटईवर बसून चार वेगवेगळ्या गोष्टी करत असतील तर पार्टी फसली असं समजू नका. त्या वयाची पार्टी अशीच दिसते.

पहिला वाढदिवस खरं तर आईबाबांचा असतो. एक वर्ष निभावलं, बाळ उभं राहायला लागलं, याचा आनंद आपल्याला साजरा करायचा असतो आणि तो करावाच. फक्त या वयात अनोळखी चेहऱ्यांची भीती भरात असते. बाळ हातोहात फिरवू नका. आईच्या किंवा बाबाच्या कडेवर बसून त्याला माणसं बघू द्या, त्याने स्वतः हात पुढे केला तरच दुसऱ्याकडे द्या. आजीला किंवा मावशीला वाईट वाटेल असं वाटत असेल तर फोनवर आधीच सांगून ठेवा, 'अगं, सध्या तो कुणाकडेच जात नाहीये.'

दोन-तीन वर्षांच्या मुलाला फुगे, पाणी, माती, साबणाचे बुडबुडे आणि पळापळ एवढं पुरतं. थीम त्याला कळते ती एका वस्तूपुरती: गाड्या आवडत असतील तर टेबलावर चार गाड्या दिसल्या की झालं.

चौथ्या वर्षापासून चित्र बदलतं. आता मुलाला स्वतःची मतं असतात, मित्र असतात, आणि 'तू माझ्या वाढदिवसाला यायचं नाही' ही धमकीही असते. इथून पुढे त्याला ठरवण्यात घ्या. सगळं त्याच्यावर सोपवू नका, दोन पर्याय द्या. निळा केक की पिवळा? घरी की बागेत? 'तुला काय हवंय?' असा मोकळा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला विचारला तर उत्तर हत्ती असं येऊ शकतं, आणि मग हत्ती का नाही आला याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

माणसं किती

पालकांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: मुलाचं वय अधिक एक, एवढीच मुलं बोलवा. तीन वर्षांच्या मुलाला चार पाहुणे. तो तंतोतंत पाळला जात नाही हे मला ठाऊक आहे, कारण चुलत-मामे भावंडंच त्याहून जास्त असतात. पण आकडा वाढवताना मुलांपेक्षा मोठी माणसं मोजा. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस येतं, कधी दोन, आणि एखादं धाकटं भावंडही येतं. आठ मुलं म्हटली की घरात वीस-बावीस जण होतात. बसायच्या जागा, पाण्याचे पेले आणि चपला ठेवायची जागा या हिशोबाने बघा.

वर्गातल्या निवडक मुलांना बोलवत असाल तर आमंत्रणं शाळेत वाटू नका, त्यांच्या आईबाबांना वेगळं कळवा. पाच वर्षांच्या मुलाला आपल्याला वगळलं हे नीट कळतं आणि ते लक्षातही राहतं. वर्गात बारा मुलं असतील आणि तुम्ही दहा जणांना बोलवणार असाल, तर उरलेल्या दोघांनाही बोलवा.

नातेवाईक खूप असतील तर दोन वेगळे कार्यक्रम करणं जास्त सोपं जातं. मुलांची पार्टी एका दिवशी, घरच्या मोठ्यांचं जेवण दुसऱ्या दिवशी. खर्च फारसा वाढत नाही आणि दोन्हीकडे नीट लक्ष देता येतं.

जागा

पहिल्यांदाच करत असाल तर घर किंवा घराजवळची मोकळी जागा निवडा, असं मी सांगेन. मुलाला तिथलं कोपरान् कोपरा माहीत असतो, कंटाळलं तर त्याला आपल्या खोलीत नेता येतं, आणि विसरलेली वस्तू आणायला धावावं लागत नाही. हॉल किंवा खेळाची जागा भाड्याने घेत असाल तर चार गोष्टी आधी विचारून घ्या: आपल्याला प्रत्यक्षात किती वेळ मिळणार आणि तयारीचा वेळ त्यात धरलेला आहे का, बाहेरचं खाणं आणता येतं का, त्याच वेळी दुसरी पार्टी आहे का, आणि मुलं एकटी बाहेर रस्त्यावर जाऊ शकतील असा दरवाजा आहे का.

घर असेल तर आदल्या दिवशी हे जरूर करा. गुडघ्यांवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून खोली बघत फिरा. लोंबणारी चार्जरची वायर, टेबलाचा टोकदार कोपरा, टेबलक्लॉथचं खाली आलेलं टोक, खालच्या कप्प्यातली औषधं, सोफ्याखाली गेलेलं नाणं, हे सगळं उभ्याने दिसत नाही. तुमच्या मुलाला घराची सवय आहे, पाहुण्या मुलांना नाही. भरलेली बादली किंवा टब रिकामा करा. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं, आणि पार्टीच्या गोंगाटात ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला त्या दोन तासांसाठी वेगळ्या खोलीत किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. तुमचा कुत्रा कितीही शांत असला तरी दहा मुलं एकदम अंगावर येणं त्यालाही नवीनच असतं.

एक खोली मोकळी ठेवा. तिथे दिवा मंद, संगीत नाही, एखादी गादी आणि दोन-तीन चित्रांची पुस्तकं. कुणाला अंगावर पाजायचं असतं, कुणाचं लंगोट बदलायचं असतं, कुणी गर्दीने बावरलेलं असतं. बऱ्याचदा वाढदिवसाच्या मुलालाच या खोलीची गरज सगळ्यात आधी लागते.

मोकळ्या जागेत असाल तर सावली, जवळचं स्वच्छतागृह आणि पाऊस आल्यास दुसरी जागा एवढं बघा. मुलांनी कुठपर्यंत पळायचं ती हद्द रंगीत रिबन बांधून दाखवा.

आमंत्रण

दोन-तीन आठवडे आधी कळवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालतं, पण त्यात या गोष्टी स्पष्ट हव्यात: सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळही, आईबाबांनी थांबायचं की मुलाला सोडून जायचं, धाकट्या-थोरल्या भावंडांनी यायचं का, जेवण आहे की नुसता खाऊ, आणि 'तुमच्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे का?' हा प्रश्न. संपायची वेळ लिहायला लोकांना संकोच वाटतो. खरं तर लहान मुलांच्या आईबाबांना ती वेळ कळली की बरंच वाटतं, त्यांचीही पुढची झोप-जेवणं त्यावर बसवायची असतात.

मूल मळेल असा खेळ असेल तर 'जुने कपडे घालून पाठवा' हे आवर्जून लिहा. भेटवस्तू नको असतील तर तेही साध्या शब्दांत लिहा.

कामं वाटून द्या

बजेटबद्दल एकच सांगते. मुलांची संख्या आधी पक्की करा, बाकीचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो. आणि दोन पैसे जास्त खर्चायचेच असतील तर ते सजावटीपेक्षा मदतीच्या हातांवर खर्च करा.

कारण त्या दिवशी मूल सगळ्यात जास्त शोधतं ते तुम्हाला. ज्या पार्टीत आई स्वयंपाकघरात आणि बाबा दाराशी असतात, तिथे मूल दोघांच्या मध्ये घिरट्या घालत राहतं. म्हणून पाच कामं पाच जणांना नावाने द्या: दार सांभाळणं, खाणं वाढणं, खेळ घेणं, फोटो काढणं, आणि पाचवं म्हणजे फक्त मुलांवर नजर ठेवणं. आत्या, काका, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, कुणीही चालेल. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' असं म्हटलं की कुणीच लक्ष ठेवत नाही. आईबाबांपैकी एकाने मुलाबरोबरच राहायचं, दुसरं कुठलंही काम घ्यायचं नाही.

खाणं

मेनू छोटा ठेवा. मुलांसाठी तीन-चार पदार्थ पुरे, हाताने उचलून खाता येतील असे आणि फार तिखट नसलेले. मुलं पार्टीत कमी खातात, हे धरूनच करा.

पदार्थापेक्षा त्याचा आकार जास्त महत्त्वाचा आहे, आणि इथे मी थोडी सविस्तर बोलणार आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणाऱ्या गोष्टींत अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे आणि सुकामेवा, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे जाड तुकडे आणि मार्शमेलो या नेहमीच्या आहेत. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि लवचीक असतं. ते लहान मुलाच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी बरोब्बर बसतं आणि हवेला फट ठेवत नाही. म्हणून द्राक्ष कापायचं ते उभं, देठापासून टोकापर्यंत, आणि मग पुन्हा उभं, म्हणजे चार लांबट फाका होतील. आडवं कापलं तर गोल चकत्याच होतात. छोटे टोमॅटो असतील तर तेही असेच कापा. आणि मुलांनी खाताना बसायचं, पळता पळता तोंडात काही टाकायचं नाही, हा पार्टीतला एकमेव कडक नियम ठेवा.

घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने घशात अडकल्यावर काय करायचं ते आधी शिकून ठेवावं. एक वर्षावरच्या मुलाला आधी पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर वरच्या दिशेने पाच दाब, असं आळीपाळीने करतात. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नसतं, पाठीवर थापा आणि छातीवर दाब द्यायचे असतात. मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं. हे वाचून येत नाही, प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून बघावं लागतं.

पाहुण्यांमध्ये एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध किंवा मध घातलेलं काही देऊ नका. त्या वयात मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ॲलर्जी असलेल्या मुलाचं खाणं वेगळ्या ताटलीत, वेगळ्या चमच्याने, सगळ्यात आधी वाढून झाकून ठेवा, आणि त्याच्या आईला ते दाखवा. पदार्थांची पाकिटं फेकू नका, घटक वाचायला लागतात.

दूध, मलई, अंडं किंवा मांस असलेले पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. केक फ्रीजमधून कापायच्या थोडाच वेळ आधी काढा.

मेणबत्त्यांबद्दल एक गोष्ट. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मेणबत्त्या फुंकल्यावर आयसिंगवरच्या जिवाणूंचं प्रमाण सरासरी १,४०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. निरोगी माणसांना यातून सहसा काही होत नाही. पण दोन वर्षांचं मूल फुंकतं कमी आणि थुंकी जास्त उडवतं, त्यातून सर्दीचे दिवस असतील तर मुलासाठी एक छोटा वेगळा केक ठेवा. मेणबत्ती त्यावर लावा, मोठा केक बाजूलाच कापा. मुलालाही स्वतःचा अख्खा केक मिळाल्याचा आनंद होतो.

फुगे आणि सजावट

फुगे हवेतच, पण ते आईबाबांना वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत. रबरी फुग्याचा फुटलेला तुकडा तोंडात गेला तर घशाला चिकटून बसतो आणि काढता येत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना न फुगवलेले किंवा फुटलेले फुगे देऊ नयेत, अशी सूचना फुग्यांच्या पाकिटांवरही असते. फुगे मुलांचे हात पोहोचणार नाहीत इतके उंच बांधा. फुटला की तुकडे लगेच उचलायचे, हे काम नजर ठेवणाऱ्या माणसाकडे द्या. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप केलं तेव्हा हवा भरताना फुटलेल्या फुग्याचा आवाज जवळजवळ १६८ डेसिबल भरला. तेव्हा फुगे फोडायचे खेळ या वयात नकोतच. हेलियमचं सिलिंडर आणलं तर ते मोठ्यांच्याच ताब्यात राहू द्या, मजेखातर तो वायू कुणी ओढू नये.

फेस उडवणारे स्प्रे मी घरात येऊच देत नाही. यातले बरेच पेट घेतात, आणि ते नेमके मेणबत्ती पेटलेली असतानाच उडवले जातात.

चमचमणारे हेडबँड, गाणारी कार्डं, दिवे लागणाऱ्या अंगठ्या यांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ती वस्तू घेऊ नका. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

छोट्या वस्तू पारखायची एक सोपी रीत आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. वस्तू त्यात पूर्ण मावली तर ती धोक्याची धरतात. घरी टॉयलेट पेपरची आतली नळी घ्या. ती थोडी रुंदच असते, त्यामुळे तिच्यातून आरपार जाणारी कुठलीही वस्तू लहानग्यांपासून दूर ठेवली की झालं.

बाकी सजावटीला एक भिंत पुरे. फोटो तिथेच निघतात.

खेळ

सगळ्यात अवघड असतात पहिली दहा मिनिटं. पहिलं मूल येतं, आईचं बोट घट्ट धरून दारात उभं राहतं, आणि आतून सगळे एकदम 'ये, ये!' करतात. ते मूल आणखी मागे सरकतं. यावर उपाय म्हणजे दारातून आत येताच दिसेल असं काहीतरी खाली मांडून ठेवणं. जमिनीवर मोठा कागद अंथरा, त्याच्या कडा चिकटवून टाका आणि वर जाड खडू पसरा. किंवा ठोकळ्यांचा ढीग. कुणी काही न सांगता मूल खाली बसतं, एक खडू उचलतं, आणि दुसरं मूल आलं की त्याच्या शेजारी बसतं. सगळे जमेपर्यंत वेळ कसा गेला कळतही नाही.

पाच वर्षांखाली बाद करायचे खेळ घेऊ नका. संगीतखुर्चीत पहिलं बाद झालेलं मूल सगळ्यांच्या देखत रडतं, आणि खेळ संपेपर्यंत रिकामं बसून राहतं. तोच खेळ बदलून घेता येतो: संगीत थांबलं की सगळ्यांनी पुतळा व्हायचं, परत सुरू झालं की नाचायचं, बाद कुणीच नाही. मोठी चादर सगळ्यांनी कडेला धरून वर हलके चेंडू उडवणं, साबणाचे बुडबुडे, उशा आणि खोके मांडून केलेली अडथळ्यांची वाट, हे तीन वर्षांपासून चालतं. चार-पाच वर्षांच्या मुलांना वस्तू शोधायचा खेळ फार आवडतो. प्रत्येकाला एक रंग द्या आणि त्या रंगाच्या तीनच वस्तू शोधायला सांगा, म्हणजे चपळ मुलं सगळंच गोळा करत नाहीत.

एक खेळ सात-आठ मिनिटांच्या वर ताणू नका. आणि आखलेल्यापैकी दोन खेळ झालेच नाहीत तरी हरकत नाही. मुलं आपली आपण रमली असतील तर त्यांना उठवून पुढच्या खेळाला उभं करू नये.

जादूगार किंवा मुखवटा घातलेलं पात्र बोलवायचं असेल तर चार वर्षांनंतर बोलवा. त्याहून लहान मुलं मुखवट्याला, मोठ्या डोक्याच्या बाहुल्याला घाबरतात, आणि पैसे देऊन आणलेला माणूस दिसला की टेबलाखाली जाऊन बसतात.

दोन तासांच्या पार्टीचा क्रम साधारण असा ठेवा:

- पहिली २० मिनिटं: येणं, कागद-खडू, ठोकळे.
- पुढची ३५ मिनिटं: पळापळीचे खेळ, मध्ये एकदा पाणी.
- १० मिनिटं: एका जागी बसून गोष्ट किंवा बुडबुडे, म्हणजे मुलं शांत होतात.
- २५ मिनिटं: केक आणि त्याला जोडूनच खाणं.
- उरलेला वेळ: मोकळा खेळ, निरोप.

केक कापताना

केक मध्यावर आणा, शेवटी नको. शेवटपर्यंत ताणलं की वाढदिवसाचं मूलच थकलेलं असतं.

मुलाच्या बाजूने हा क्षण बघा. दिवे जातात, समोर ज्योत, भोवती वीस चेहरे वाकलेले, आणि एकदम सगळे मोठ्याने गायला आणि टाळ्या वाजवायला लागतात. दोन वर्षांच्या मुलाला हे भीतीदायक वाटलं तर त्यात नवल नाही. आठवडाभर आधीपासून घरात रोज एकदा बाहुलीचा वाढदिवस करा. गाणं म्हणा, टाळ्या वाजवा, फुंकर मारायला शिकवा. त्या दिवशी दिवे लावलेलेच ठेवा, गाणं हळू आवाजात सुरू करा, आणि मुलाला कुणाच्या तरी मांडीवर बसू द्या. तरीही रडलं तर मेणबत्ती तुम्ही विझवा, केक कापा आणि पुढे चला. फोटोसाठी पुन्हा पेटवून पुन्हा रडवू नका. मेणबत्ती पेटल्यापासून विझेपर्यंत एकाने मुलाचे मोकळे केस, लांब बाह्या आणि पुढे येणारे हात सांभाळायचे.

भेटी, फोटो, निरोप

भेटवस्तू सगळे गेल्यावर उघडा. सगळ्यांसमोर उघडल्या की तुलना होते, आणि चार वर्षांचं मूल 'हे माझ्याकडे आहे' असं बिनदिक्कत म्हणतं. कुणी काय दिलं ते उघडतानाच लिहून ठेवा, म्हणजे आभार नीट मानता येतात. लहान मुलाच्या हातात एका दिवशी दोन-तीनच वस्तू द्या, बाकीच्या वर ठेवून महिन्या-महिन्याने एकेक काढा.

रिटर्न गिफ्ट एकच आणि सगळ्यांना सारखी. रंगांची पेटी, छोटं पुस्तक, झाडाचं रोप, असं काहीही जे दुसऱ्या दिवशी मोडत नाही. भावंडांसाठी दोन-तीन जादा ठेवा. ती दाराशी, निघताना द्या, आधी दिली तर पार्टी तिथेच थांबते. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी त्यांच्या आईबाबांना विचारा.

मूल मध्येच अनावर झालं, आदळआपट करायला लागलं, तर त्याला उचलून त्या शांत खोलीत न्या. समजावणं, 'सगळे बघतायत' म्हणणं, दोन्ही नको. पाणी द्या, जवळ घेऊन बसा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. बाहेर पार्टी चालू राहते, तिथे तुम्ही कामं वाटून दिलेली माणसं आहेतच.

पाहुणे गेल्यावर आवराआवर सकाळवर ढकलली तरी चालेल, पण तीन गोष्टी त्याच रात्री करा. जमिनीवरचे फुग्यांचे तुकडे, मेणबत्त्या आणि काडेपेटी उचला. सोफ्याच्या फटीत आणि टेबलाखाली पडलेले दाणे-गोळ्या काढा. आणि नव्या खेळण्यांतल्या सेलची झाकणं घट्ट आहेत का ते बघा, कारण सकाळी तुमच्या आधी उठून मूल थेट तिकडेच जाणार आहे.